कर्णबधिर मुलांसोबतची इंटर्नशिप: खान्देशातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतली मुलं-मुली विशेष शिक्षणाच्या किंवा वाचा-श्रवणाच्या अभ्यासक्रमाला लागली की कधीतरी इंटर्नशिपचं पत्र हातात पडतं आणि मला फोन येऊ लागतात. मी स्वतः या कामात इंटर्न म्हणूनच शिरले. आता माझ्याकडे इंटर्न येतात. तेच प्रश्न दर वर्षी नव्या आवाजात येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

सराव पाठ आणि इंटर्नशिप यांत फरक काय?

सराव पाठासाठी तुम्ही टाचण काढता, साहित्य बनवता, पाठ घेता, मार्गदर्शक मागे बसून शेरा लिहितात आणि तुम्ही घरी जाता. इंटर्नशिपमध्ये पाठ संपल्यावरही तुम्ही तिथेच असता. मधल्या सुट्टीत कोण कोणाला खुणेने चिडवतं, डबा खाताना कोण एकटं बसतं, कोणाचं श्रवणयंत्र दुपारनंतर खिशात जातं, हे सगळं तेव्हा दिसतं. पाठ घेताना मूल तुमच्याकडे बघत असतं. इतर वेळी तुम्ही मुलाकडे बघायचं असतं, आणि पुढची सगळी वर्षं कामाला येते ती हीच सवय.

कोणत्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप असते?

कर्णबधिर मुलांच्या शिक्षकांसाठी विशेष शिक्षणातले डी.एड. आणि बी.एड. (श्रवणदोष) हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम प्रचलित आहेत. त्यांत शाळेतला सराव आणि इंटर्नशिप दोन्ही येतात. श्रवणतज्ज्ञ आणि वाचा उपचारतज्ज्ञ व्हायचं असेल तर बारावी विज्ञाननंतर बीएएसएलपी ही चार वर्षांची पदवी आहे. त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं असतं. भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांसाठी वेगळी पदविका आहे. अभ्यासक्रमांची नावं, मुदत आणि मान्यताप्राप्त संस्थांची यादी बदलत राहते. त्यामुळे फी भरण्याआधी भारतीय पुनर्वास परिषदेच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं नाव आणि त्या वर्षाची मान्यता स्वतःच्या डोळ्यांनी बघा. 'मान्यता येणार आहे' असं सांगणाऱ्या ठिकाणी वर्ष घालवू नका.

पुनर्वास परिषदेची नोंदणी खरंच लागते का?

हो. १९९२ च्या कायद्याने ही परिषद वैधानिक झाली आणि केंद्रीय पुनर्वास नोंदवही तिच्याकडे आहे. विशेष शिक्षक, श्रवणतज्ज्ञ, वाचा उपचारतज्ज्ञ म्हणून काम करायचं तर त्या नोंदवहीत नाव लागतं. इंटर्नशिप अर्धवट राहिली की प्रमाणपत्र अडतं आणि प्रमाणपत्र अडलं की नोंदणीही अडते. हजेरीपत्रकावर रोजच्या रोज सही घ्या. शेवटच्या आठवड्यात दोन महिन्यांच्या सह्या एकदम मागायला गेलेल्यांची धावपळ मी पाहिली आहे.

'मूकबधिर' म्हणायचं की 'कर्णबधिर'?

'कर्णबधिर' म्हणा. जुन्या शाळांच्या पाट्यांवर अजून 'मूकबधिर' दिसतं, पण बहुतेक मुलांचा गळा, जीभ, स्वरयंत्र ठणठणीत असतं. ऐकू न आल्यामुळे बोलणं तयार झालेलं नसतं, एवढंच. मोठी झालेली अनेक कर्णबधिर माणसं स्वतःला नुसतं 'बधिर' म्हणवून घेतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. समोरचा माणूस स्वतःसाठी जो शब्द वापरतो, तोच तुम्ही वापरा.

इंटर्नशिपसाठी पुण्या-मुंबईलाच जावं का? खान्देशात काही शिकायला मिळतं का?

दोन्हीकडे वेगवेगळं शिकायला मिळतं. मुंबईत वांद्र्याला १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथे एका छताखाली तपासणी, यंत्र, उपचार, शिक्षण सगळं दिसतं. महिन्याभरात जितक्या प्रकारची मुलं तिथे बघाल, तितकी आपल्याकडे वर्षभरात येणार नाहीत. संधी मिळाली तर जरूर जा.

पण मोठ्या शहरात मूल तुमच्यासमोर केस होऊन येतं, फाइल घेऊन. इथे तुम्हाला तेच मूल आठवडी बाजारात बापाच्या खांद्यावर दिसतं. धडगाव-अक्कलकुव्याकडून जिल्हा रुग्णालयात यायला आईबापाचा अख्खा दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला गेलेलं कुटुंब चार-पाच महिने तपासणीला फिरकत नाही. कापूस वेचणी सुरू झाली की वर्गातली मोठी मुलं कमी होतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी गेलेलं मूल परत येतं तेव्हा यंत्राचा सेल संपलेला असतो आणि कानातला साचा (कानाच्या मापाने बनवलेला, यंत्राची नळी धरणारा तुकडा) घरी राहिलेला असतो. या गोष्टी ज्याने इंटर्न असताना पाहिल्या, तो पुढे पालकाला 'तुम्ही वेळेवर का आला नाहीत?' असं विचारत नाही. परत कधी येणं जमेल, ते विचारतो.

जमत असेल तर काही आठवडे मोठ्या संस्थेत काढा आणि उरलेले आपल्या तालुक्यात. दोन्ही बघितलेला माणूस आपल्याकडे फार कमी आहे आणि त्याची गरज फार मोठी आहे.

ताई, पहिल्या आठवड्यात मी काय करू?

शिकवू नका. वर्गशिक्षकांना नम्रपणे सांगा की मला आठवडाभर नुसतं बसू द्या.

एका मुलाची निवड करा आणि एक वही फक्त त्याच्यासाठी ठेवा. तो सकाळी यंत्र स्वतः घालतो की कोणी घालून देतं? मागून हाक मारली तर वळतो का? ढोल वाजला तर? दार आपटलं तर? त्याला काही हवं असेल तर तो बोट दाखवतो, हात धरून ओढतो, खूण करतो, की आवाज काढतो? कोणाशी सगळ्यात जास्त गप्पा मारतो? 'मूल प्रतिसाद देत नाही' असं वाक्य वहीत लिहू नका. कशाला देत नाही आणि कशाला देतं, ते लिहा.

त्याच आठवड्यात त्याचा श्रवणालेख, म्हणजे कानांच्या तपासणीचा आलेख, मागून घ्या आणि वहीतल्या नोंदींशेजारी ठेवा. कागदावर आवाजाचा जाड-बारीकपणा आडवा आणि मोठेपणा उभा मांडलेला असतो, आणि आपल्या बोलण्यातले बहुतेक आवाज त्यात केळ्याच्या आकाराच्या पट्ट्यात पडतात. या पट्ट्याला जगभर केळंच म्हणतात आणि रावेर-यावलच्या विद्यार्थ्याला तो आकार समजावून सांगावा लागत नाही. मुलाची रेघ त्या केळ्याच्या खाली असेल, तर यंत्राशिवाय बोलणं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीतला ऱ्हास ७० डेसिबल असेल तर बधिर आणि ६० ते ७० असेल तर ऐकण्यास कमी, अशी व्याख्या आहे. पण सारख्याच आकड्याची दोन मुलं वर्गात अगदी वेगळी निघतात. एकाला दुसऱ्या वर्षी यंत्र मिळालेलं असतं, दुसऱ्याला सातव्या. हा फरक कागदावर दिसत नाही. तो तुमच्या वहीत सापडतो.

आणखी एक गोष्ट त्याच आठवड्यात होते. मुलं तुम्हाला नावाची खूण देतात. कोणाच्या गालावर तीळ असतो, कोणाची वेणी लांब असते, कोणी सारखा चष्मा वर सारतो, तीच खूण त्याचं नाव होते. ती तुम्ही स्वतः ठरवायची नसते. मला मिळालेली खूण आज इतक्या वर्षांनीही माझे जुने विद्यार्थी वापरतात.

मला सांकेतिक भाषा येत नाही. चालेल का?

सुरुवात करायला चालेल, तसंच राहायला चालणार नाही. भारतीय सांकेतिक भाषा ही हातवाऱ्यांची नक्कल नव्हे. तिला स्वतःचं व्याकरण आहे, त्यात चेहरा आणि भुवयाही बोलतात, आणि प्रश्नाचा शब्द सहसा वाक्याच्या शेवटी येतो. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ मध्ये १०,००० शब्दांचा चित्रफीत-कोश पूर्ण केला आहे आणि तो मोबाइलवर फुकट बघता येतो. रोज दहा शब्द बघा आणि दुसऱ्या दिवशी मुलांसमोर वापरा. ती चुका सुधारतात, आणि शिक्षकाला शिकवायला मिळालं म्हणून त्यांचे चेहरे फुलतात.

वसतिगृहातल्या खुणा कोशातल्यापेक्षा वेगळ्या असतील. दोन्ही शिका. मुलांची खूण 'चूक' म्हणून खोडू नका.

बोलायला शिकवायचं की खुणा करू द्यायच्या? आमच्या सरांचं एक मत आणि वाचा उपचारतज्ज्ञांचं दुसरं.

हा वाद तुमच्या-आमच्या जन्माआधीचा आहे. १८८० मध्ये मिलानच्या परिषदेत जमलेल्या शिक्षकांनी शाळांतून खुणा काढून टाकून फक्त बोलण्याचा आग्रह धरायचा ठराव केला आणि त्याचे परिणाम पुढच्या कित्येक पिढ्यांनी भोगले. आपल्याकडेही वर्गात हात मागे बांधून बसायला लावण्याची पद्धत जुन्या माणसांना आठवते.

माझं मत स्पष्ट आहे. लहान वयात चांगलं यंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र) मिळालेल्या मुलाला ऐकण्याची आणि बोलण्याची पूर्ण संधी मिळालीच पाहिजे, आणि त्यासाठी रोजचे कष्ट घेतलेच पाहिजेत. पण आठव्या वर्षी शाळेत आलेल्या, कुठलीच भाषा नसलेल्या मुलाला 'आधी बोल, मग समजावू' म्हणणं हा अन्याय आहे. त्याला आज, याच आठवड्यात भाषा हवी आहे, आणि ती हातांतून सगळ्यात लवकर मिळते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सांकेतिक भाषा देशभर प्रमाणित करण्याची आणि तीत अभ्यासक्रम तयार करण्याची गोष्ट केली आहे.

इंटर्न म्हणून तुम्ही या वादात बाजू घेऊ नका. दोन्ही पद्धतीची मुलं बघा, मोठ्या मुलांना विचारा. आणि ओठ वाचण्यावर फार भिस्त ठेवू नका. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'मामा', 'बाबा', 'पापा' म्हणून बघा. तिन्ही वेळा ओठ सारखेच दिसतात. 'क' आणि 'ग' तर घशात होतात, दिसतच नाहीत. म्हणून उजेड तुमच्या चेहऱ्यावर असू द्या, खिडकीकडे पाठ करून उभे राहू नका, आणि फळ्याकडे तोंड करून एक शब्दही बोलू नका.

घरी अहिराणी, शाळेत मराठी. मग मुलाला काय शिकवायचं?

इंटर्न हा प्रश्न क्वचित विचारतात. विचारायला हवा, कारण खान्देशात तो रोजचा आहे.

आई घरी 'आठे ये' म्हणते आणि शाळा 'इकडे ये' म्हणते. आपण 'तुझं नाव काय आहे?' घोटून घेतो आणि आजी विचारते, 'तुनं नाव काय शे?' ऐकणारं मूल दोन्ही सहज उचलतं. कमी ऐकणाऱ्या मुलासाठी ते दोन वेगळे ओठ आहेत, दोन वेगळे आवाज आहेत. सातपुड्यातल्या मुलाच्या घरी पावरी किंवा भिली असते. त्याच्यासाठी वर्गातली मराठी ही नवी भाषा, वसतिगृहातली खुणांची भाषा ही आणखी एक नवी, आणि घरी सुट्टीत गेल्यावर दोन्ही निरुपयोगी.

पालकांना 'घरी शुद्ध मराठीच बोला' असं सांगणारे शिक्षक मी पाहिले आहेत. ते करू नका. आई ज्या भाषेत हसते, रागावते, लाड करते, त्याच भाषेत ती मुलाशी दिवसभर बोलू शकेल. उसन्या भाषेत ती दोन दिवसांत गप्प होईल, आणि गप्प घर हे कर्णबधिर मुलासाठी सगळ्यात वाईट. अहिराणीतच भरपूर बोलू द्या, समोर बसून, वस्तू हातात धरून. पुस्तकाची मराठी शाळा शिकवेल.

ती शिकवतानाही मराठीचा एक हट्टीपणा लक्षात ठेवा. 'बाजार'चं 'बाजारात' होतं, 'मुलगा'चं 'मुलाने' होतं. हे शेवटचे तुकडे बोलताना आपण हलके उच्चारतो, ते यंत्रातूनही नीट पोचत नाहीत, म्हणून मूल लिहितं, 'आई बाजार जा'. लाल पेनाने खोडण्याआधी हे आठवा. त्याने जेवढं ऐकलं तेवढं प्रामाणिकपणे लिहिलं आहे. 'त', 'ने', 'ला' त्याला डोळ्यांना दिसायला हवेत. रंगीत पट्ट्यांवर लिहा, खऱ्या डब्यात, खऱ्या पिशवीत वस्तू घालून-काढून करा.

श्रवणयंत्राबद्दल इंटर्नला किती कळायला हवं?

दुरुस्ती करता आली नाही तरी चालेल. आज यंत्र चालू आहे की नाही, हे मात्र शाळा भरल्यावर दहा मिनिटांत कळायलाच हवं. शिक्षकाने बंद यंत्रासमोर तासभर शिकवणं ही आपल्या क्षेत्रातली सगळ्यात नेहमीची आणि सगळ्यात टाळता येण्यासारखी चूक आहे.

रोज सकाळी मुलाच्या मागे उभे राहून सहा आवाज काढा: म, ऊ, आ, ई, श, स. ऐकू आला की मुलाने मणी डब्यात टाकायचा. काल 'श' आला आणि आज आला नाही, तर काहीतरी बिघडलं आहे: सेल, नळी, साचा किंवा कान. यंत्रातून शिट्टी येत असेल तर बहुधा साचा सैल झालाय. लहान मुलांचे कान वाढतात, साचा काही महिन्यांत बदलावा लागतो. कानामागच्या यंत्राच्या सेलवरचं चिकट कागदी झाकण एकदा काढलं की सेल वापरला नाही तरी उतरू लागतो, म्हणून गरजेपुरतंच काढा.

आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, उन्हाळा. जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर जातो, घाम कानामागून थेट यंत्रात उतरतो आणि नळीत पाण्याचा थेंब बसला की आवाज बंद. रुमालाने पुसायला मुलालाच शिकवा, आणि रात्री यंत्र सिलिका जेलची पुडी घातलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. माठाजवळ, पत्र्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नका. पालकांना हे बोलून सांगू नका, करून दाखवा आणि त्यांच्याकडून करून घ्या.

मी इंटर्न असताना एका शाळेत यंत्रं कपाटात कुलूपबंद असायची. कारण सांगितलं गेलं की मुलं यंत्रं हरवतात, मग हिशोब कोण देणार. पाहणीच्या दिवशी ती बाहेर निघायची. मी तेव्हा गप्प बसले. सोळा मुलांचे ते महिने वाया गेले, त्यात माझाही वाटा आहे असं मला आजही वाटतं. तुम्ही गप्प बसू नका. भांडायची गरज नाही. 'सर, माझ्या वर्गाची यंत्रं रोज मी मोजून घेते आणि मोजून परत देते, वहीत सही करते' एवढं म्हटलं तरी कुलूप उघडू शकतं. हे मला फार उशिरा सुचलं.

घरभेटी नियमात नाहीत. तरी जाऊ का?

जा. संस्थेची आणि पालकांची परवानगी घेऊन, सोबत कोणीतरी घेऊन जा, पण जाच. इंटर्नशिपमधली एकच गोष्ट ठेवा आणि बाकी सोडा असं कोणी म्हटलं तर मी घरभेट ठेवीन.

मला नोकरी हवी होती ती शाळेत, पक्की, साडेदहा ते साडेपाच. अमळनेर तालुक्यातल्या एका गावची सहा वर्षांची मुलगी आमच्या वर्गात नवी आली होती. ती कशालाच उत्तर देत नव्हती आणि माझ्या वहीत पानंच्या पानं कोरी होती. एका रविवारी एसटीने तिच्या गावी गेले. आई ओट्यावर कापसातला कचरा निवडत होती. मी सांगू लागले की हिला काही समजत नाही, तर ती म्हणाली, 'तिले समदं समजस, बाई,' आणि मुलीकडे वळून तळव्यावर तळवा थापटला. मुलगी आत जाऊन भाकरीची टोपली घेऊन आली. आईने वरच्या ओठावरून बोट फिरवलं, मुलगी शेताकडे पळाली आणि बापाला घेऊन आली. दुपारपर्यंत मी त्या दोघींमधल्या एकतीस खुणा लिहून घेतल्या. शेजारणीची खूण होती, लंगड्या बकरीची होती, 'उद्या'ची होती.

सोमवारी मी वर्गात तळव्यावर तळवा थापटला. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला आजही आठवते. तिथून पुढे 'भाकरी'चं चित्र, त्याची भारतीय सांकेतिक भाषेतली खूण, 'भ'चा आवाज, लिहिलेला शब्द, सगळं त्या एका खुणेला बांधत गेले. आणि नोकरी शोधताना मी शाळेऐवजी लहान मुलांच्या घरी जाऊन पालकांसोबत करायचं काम निवडलं. पगार कमी होता, रस्ते वाईट होते. तो रविवार झाला नसता तर मी हे केलं नसतं.

घरी जाल तेव्हा तपासनिसासारखं वागू नका. चहा घ्या. जे आई आधीपासून करते त्यातलं चांगलं काय आहे ते आधी सांगा. 'उपाय' सांगायची घाई नको.

वसतिगृहात राहावं लागणार आहे. काय लक्षात ठेवू?

अंधारात कर्णबधिर मुलाचा संवाद तुटतो, कारण हात आणि चेहरे दिसत नाहीत. म्हणून लहान दिवा चालू असावा आणि उठवताना हात हळूच खांद्यावर ठेवावा, अंगावरचं पांघरूण ओढू नये. संध्याकाळचा वेळ सगळ्यात मोलाचा. तेव्हाच मुलं खऱ्या गोष्टी सांगतात.

त्या गोष्टींत कधी लैंगिक अत्याचाराची गोष्टही असू शकते. मुलाकडे सांगायला भाषा कमी असते आणि हे ओळखूनच काही लोक त्याला गाठतात. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार असं काही कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, इंटर्नलाही, आणि मुलाचा जबाब घेताना दुभाषी किंवा विशेष शिक्षक मिळण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. 'आधी संस्थेत बघू' म्हणून थांबू नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक पाठ असू द्या.

मुलांचे फोटो आणि व्हिडिओ स्टेटसला टाकू नका. तुम्हाला कौतुक वाटतं हे खरं, पण त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

मानधन मिळतं का?

काही ठिकाणी मिळतं, पुष्कळ ठिकाणी नाही. आधी लेखी विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. गावाहून येणाऱ्या विद्यार्थ्याने एसटीचा पास आणि जेवण यांचा हिशोब घरच्यांशी आधीच बोलून घ्यावा.

मी स्वतः कर्णबधिर आहे. मला इंटर्न म्हणून घेतील का?

घ्यायलाच हवं, आणि तुमची गरज आमच्यापेक्षा जास्त आहे. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. कित्येकांनी शाळेत येईपर्यंत मोठा, कमावता, लग्न झालेला बधिर माणूस पाहिलेलाच नसतो. 'मोठा झालो की मला ऐकू येईल' असं एका मुलाने मला खुणांनी सांगितलं होतं, कारण त्याने पाहिलेली सगळी मोठी माणसं ऐकणारी होती. तुम्ही वर्गात उभे राहिलात की हा गैरसमज न बोलता जातो.

सांकेतिक भाषा शिकवण्याची पदविका खास बधिर व्यक्तींसाठी आहे, आणि विशेष शिक्षणाचा रस्ताही बंद नाही. इंटर्नशिपच्या ठिकाणी बैठकीला दुभाषी किंवा लेखी टिपणं मागा. तो तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे.

इंटर्नशिपवरून पुढचा रस्ता कसा ठरतो? नोकऱ्या कुठे आहेत?

माझ्यासोबत राहिलेल्या इंटर्नपैकी एक मुलगा शिक्षक व्हायला आला होता. त्याला रोज सकाळी यंत्रं तपासायचा नाद लागला, आणि तो आता साचे बनवण्याच्या आणि यंत्र दुरुस्तीच्या कामात आहे. एक मुलगी दवाखान्यात पालक आणि डॉक्टर यांच्यामध्ये उभी राहून खुणा करायची. ती दुभाषी झाली. एकाला कळलं की लहान मुलांसोबत आपला धीर सुटतो, पण दहावीच्या मुलांसोबत छान जमतं. हेही कळणं मोलाचं आहे. आणि काही जण 'हे माझं काम नाही' म्हणून निघून गेले. त्यांच्याबद्दल मनात राग ठेवू नये. तीस वर्षं नाराजीने शिकवणाऱ्यापेक्षा तीन महिन्यांत समजून गेलेला बरा.

नोकऱ्यांचं खरं सांगते. अनुदानित विशेष शाळांत पदं मोजकी निघतात. समग्र शिक्षा योजनेत गावोगावच्या सर्वसाधारण शाळांना भेट देणाऱ्या विशेष शिक्षकांचं काम आहे, पण ते बहुधा कंत्राटी असतं. सर्वसाधारण शाळांमध्ये विशेष शिक्षकांची पदं निर्माण करण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आदेश दिले, त्यामुळे या भरतीवर लक्ष ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याखालच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत श्रवणतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक लागतात, आणि माझ्या मते खान्देशात सगळ्यात जास्त फरक तिथे पडू शकतो. जगभरचा दंडक आहे की पहिल्या महिन्यात बाळाच्या कानांची चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. आपल्याकडे आजही 'बाप उशिरा बोलला, हाही बोलेल' म्हणत तीन-चार वर्षं जातात. आशाताईंसोबत एक दिवस फिरलेला इंटर्न हे वाक्य किती घरांत ऐकू येतं ते स्वतः मोजून येतो.

घरचे म्हणतात, 'मुक्यांच्या शाळेत काय करिअर?'

त्यांना एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनाला घेऊन या. टाळ्यांऐवजी शंभर हात हवेत हलताना बघू द्या. माझे वडील त्यानंतर पुन्हा काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी स्वतःहून विचारलं, कार्यक्रम कधी आहे.

इंटर्नशिप संपताना मुलांना कसं सांगायचं?

बहुतेक जण सांगतच नाहीत, आणि मला याचं फार वाईट वाटतं. ऐकणाऱ्या मुलाला घरातल्या बोलण्यातून आपोआप कळत असतं की कोण कुठे गेलं, कधी येणार. कर्णबधिर मुलाच्या आयुष्यातून माणसं नुसती नाहीशी होतात. आजोबा दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत, बहीण सासरी गेली, मित्राने शाळा सोडली, कोणी काही सांगितलं नाही. त्यात तुमची भर घालू नका.

दोन आठवडे आधी वर्गात कॅलेंडर लावा. तुमचा शेवटचा दिवस रंगवा, रोज एक चौकट मुलांनाच खोडू द्या. तुम्ही कुठे जाणार ते नकाशावर दाखवा: ही आपली शाळा, ही तापी, हे माझं गाव. परत येणार असाल तरच 'येईन' म्हणा, आणि तारीख द्या. येणार नसाल तर 'येणार नाही, पण चिठ्ठी पाठवीन' म्हणा आणि ती पाठवा. तुमच्या जागी येणाऱ्या इंटर्नला एक दिवस आधी बोलावून वर्गात सोबत बसवा. तुमची वही तिच्या हातात द्या, आणि मुलांना सांगा की आता हिला नावाची खूण द्यायची आहे.